शरीरातले खांब : रिपोर्टात 'कॉलम' आला की नेमकं काय समजायचं?

अबोली (धागालेखिका)

नमस्कार. आईच्या पोटात सारखं दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले, त्याचं पुढे काय करायचं ते ठरलं आहे. पण त्याच रिपोर्टात एक ओळ होती : 'लेफ्ट किडनी, प्रॉमिनंट कॉलम ऑफ बर्टिन'. सेंटरवर विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची होती.

ते चार दिवस वाईट गेले. मी हिशेबाचं काम करते, माझ्यासाठी कॉलम म्हणजे वहीतला रकाना. भाऊ बांधकामावर सुपरवायझर आहे, त्याच्यासाठी कॉलम म्हणजे सळया बांधून ओतलेला खांब. आईने त्या दोन्हीतून स्वतःचा अर्थ काढला आणि मावशीला फोनवर हळू आवाजात सांगितलं, 'माझ्या मूत्रपिंडात काहीतरी उभं वाढलंय.' रात्री पाणी प्यायलासुद्धा ती घाबरायला लागली.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं की हे नॉर्मल आहे, विसरून जा. आई सुटली, मी मात्र अडकले. नॉर्मल आहे तर त्याला नाव का आहे? नाव आहे तर खांब का? तो काय पेलतो? शोधायला गेले तर घशात पिलर, कानात पिलर, मज्जारज्जूत कॉलम, नाकात कॉलमेला. इथे डॉक्टर मंडळी आहेत, भाषेची जाणकार मंडळीही आहेत. मला हे मराठीत, आईला वाचून दाखवता येईल असं समजून घ्यायचं आहे.

सावलीवाचक

मी रेडिओलॉजिस्ट आहे. ही ओळ मी स्वतः कितीतरी रिपोर्टांत लिहिली आहे आणि तुमचे ते चार दिवस वाचून वाईट वाटलं. जमेल तसं सांगतो.

घरात आप्पेपात्र असेल तर ते डोळ्यांसमोर आणा. खळगे आणि खळग्यांच्या मधलं बिडाचं लोखंड. मूत्रपिंडात खळग्यांच्या जागी पिरॅमिड असतात, साधारण आठ ते अठरा. त्यांचा रुंद भाग बाहेरच्या बाजूला आणि टोक आत, त्या टोकातून तयार झालेली लघवी पुढच्या पेल्यात गळते. या सगळ्यांवर बाहेरून एक साल असते, तिला आम्ही कॉर्टेक्स म्हणतो. रक्त गाळण्याचं काम त्या सालीत चालतं. हीच साल दोन पिरॅमिडांच्या मधूनही आत उतरते. आत उतरलेला तो भाग म्हणजे कॉलम ऑफ बर्टिन. तो माझ्या मूत्रपिंडात आहे, तुमच्या आहे, प्रत्येकाच्या आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या मोठ्या रक्तवाहिन्या त्यातूनच वाट काढतात.

आता 'प्रॉमिनंट', म्हणजे ठळक, का? आईच्या पोटात असताना आपलं मूत्रपिंड छोट्या छोट्या खंडांचं असतं. नवजात बाळाच्या मूत्रपिंडावर ते उंचवटे स्पष्ट दिसतात. हे खंड एकमेकांत मिसळताना कुठेतरी मधली साल जरा जास्तच राहून जाते, आणि मग सोनोग्राफीत तिथे गाठीसारखा जाड भाग दिसतो. बहुतेक वेळा वरच्या आणि मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या सांध्यावर, आणि डाव्या बाजूला अधिक. जुन्या पुस्तकांत याला 'खोटी गाठ' म्हणायचे.

ती खोटीच आहे हे ठरवताना आम्ही बघतो की तिची करडी छटा सालीसारखीच आहे का, ती सालीशी सलग आहे का, मूत्रपिंडाची बाहेरची कड तिथे फुगली आहे का, आणि डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावल्यावर रक्तवाहिन्या आपल्या नेहमीच्या वाटेने जातात की ढकलल्यासारख्या वळतात. चारही उत्तरं नीट आली की आम्ही नाव लिहून पुढे जातो. शंका उरली तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय.

हे नाव आम्ही लिहितो ते पुढच्या डॉक्टरसाठी. उद्या दुसऱ्या कुणी सोनोग्राफी केली आणि त्याला तिथे जाडसर काही दिसलं तर ते आधीपासून आहे हे त्याला कळावं. पण रिपोर्ट पहिल्यांदा घरातलंच कुणीतरी वाचतं, हे आम्ही ध्यानात घ्यायला हवं.

अबोली

आप्पेपात्र आईला लगेच कळलं! पण एक शंका. आप्पेपात्रात खळग्यांच्या मधलं लोखंड खांबासारखं कुठे असतं? ते तर सगळीकडून सलग असतं.

निवृत्त_शारीरशिक्षक

अबोली, हा प्रश्न ३४ वर्षांत माझ्या फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला. तुम्ही बरोबर पकडलंत. तो खांब नाहीच, ती भिंत आहे. प्रत्येक पिरॅमिडला चहूबाजूंनी वेढणारी. पण आप्पेपात्र मधोमध करवतीने कापा आणि कापलेल्या कडेकडून बघा. दोन खळग्यांच्या मध्ये काय दिसेल? एक उभा खांब.

एक्झुपेर बर्टिन या फ्रेंच शारीरतज्ज्ञाने १७४४ मध्ये मूत्रपिंडावर निबंध लिहिला तेव्हा त्याच्यासमोर असंच कापलेलं मूत्रपिंड होतं. सुरीने जे दाखवलं त्याला नाव मिळालं. ते नाव पुढे पावणेतीनशे वर्षं टिकलं. १८९५ साली बासेलला शारीरतज्ज्ञांनी नावांची एक सामाईक यादी केली आणि माणसांची नावं त्यातून काढली. आजच्या अधिकृत यादीतही नुसतं 'मूत्रपिंडाचे स्तंभ' असंच लॅटिनमध्ये आहे. तरी रिपोर्टातून बर्टिन गेलेला नाही.

आता याची उलटी बाजू सांगतो, मला ती जास्त प्रिय आहे. मज्जारज्जू आडवा कापला की मध्ये करड्या रंगाचं फुलपाखरू दिसतं. त्याच्या पुढच्या दोन टोकांना 'अँटिरिअर हॉर्न' म्हणतात, म्हणजे पुढची शिंगं. पोलिओचा विषाणू नेमका तिथल्या पेशी मारतो, म्हणून पाय लुळा पडतो. पण मज्जारज्जूत शिंग नावाची वस्तू कुठेच नाही! बाकरवडीची लांब गुंडाळी कापली की प्रत्येक तुकड्यावर मसाल्याचं चक्र दिसतं. गुंडाळीत मात्र चक्रं रचून ठेवलेली नसतात, मसाल्याचा एक सलग थर टोकापासून टोकापर्यंत गेलेला असतो. तसंच हे 'शिंग' मानेपासून कमरेपर्यंत उभं उतरलेलं आहे. ते खरं म्हणजे खांब आहे, आणि अधिकृत यादीत त्याला 'करडा स्तंभ' हे दुसरं नावही आहे.

म्हणजे सुरीने एका ठिकाणी भिंतीचा खांब केला आणि दुसऱ्या ठिकाणी खांबाचं शिंग केलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे एकदा हाताने कापून दाखवलं की एमआरआय वाचताना ती चुकत नाहीत. मी गाजरं वापरायचो.

देवराई

वाचतोय. मज्जारज्जूतल्या कॉलमबद्दल माझाही अनुभव लिहितो, कुणाला उपयोग होईल.

दोन वर्षांपूर्वी आंघोळ करताना तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि सरळ भिंतीवर आदळलो. एकदा झालं तेव्हा फरशीला दोष दिला. मग दर वेळी व्हायला लागलं. पायाखाली गादी असल्यासारखं वाटायचं. स्लीपर पायातून निसटली तरी घरभर तसाच हिंडायचो, बायको सांगायची तेव्हा कळायचं. अंधारात जिना उतरणं बंद झालं. मी साखरेचा त्रास समजून गप्प बसलो होतो. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन ११ वर्षं चालू आहे. जन्मापासून शाकाहारी, दूधही फारसं नाही.

न्यूरोलॉजिस्टांनी एक ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवला आणि विचारलं, 'थरथर कळतेय?' मला फक्त थंड लोखंड कळलं. दुसऱ्यांदा त्यांनी तो माझ्या हाताच्या मनगटावर ठेवला तेव्हा मला समजलं की काय कळायला हवं होतं. रक्तात बी-१२ फारच कमी निघालं. कागदावर त्यांनी लिहिलं, 'पोस्टिरिअर कॉलम इन्व्हॉल्व्हमेंट'. इंजेक्शनं सुरू झाली. पायाखालची गादी बरीच गेली, पण घोट्याखालची थरथर अजून पूर्ण परत आलेली नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर जास्त परत आलं असतं.

निवृत्त_शारीरशिक्षक

देवराई, लिहिलंत ते फार मोलाचं आहे. हे मागचे स्तंभ म्हणजे मज्जारज्जूच्या पाठीकडच्या बाजूने वर चढणाऱ्या तंतूंच्या जुड्या. पाय कुठे ठेवला आहे, गुडघा किती वाकला आहे, थरथर, बारीक स्पर्श, ही सगळी खबर त्यांतून मेंदूकडे जाते. आतल्या बाजूची बारीक जुडी पायांची, बाहेरची पाचरीसारखी जुडी हातांची. म्हणूनच तुमच्या मनगटाला कळलं आणि घोट्याला नाही. पायांकडून येणारे तंतू सगळ्यांत लांब.

तोल सांभाळायला तीन गोष्टी लागतात : डोळे, कानातलं संतुलनाचं यंत्र आणि ही पायांची खबर. तुमची तिसरी गेली होती, डोळे तिची जागा भरून काढत होते. साबणाने डोळे मिटले आणि तीही सोय गेली. रोम्बर्ग नावाच्या जर्मन वैद्याने १९ व्या शतकात हीच गोष्ट तपासणीत आणली : पाय जुळवून उभे राहा, डोळे मिटा.

दूध, दही, अंडी, मांस सोडून बी-१२ जवळपास कुठे मिळत नाही, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते कमी होऊ शकतं. अशा प्रत्येकाने अधूनमधून रक्त तपासून घ्यावं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

पाऊलवाट

माझ्या मुलाच्या केसपेपरवर 'पिलर्स कंजेस्टेड' लिहिलं आहे. घसा दुखत होता, औषध चालू आहे. हेही त्यातलंच का?

कानगोष्टी

कान-नाक-घसा तज्ज्ञ. हो, आणि हे तुम्हाला घरी बघता येईल. आरशासमोर उभे राहा, मोबाइलचा टॉर्च लावा, 'आ' करा. मध्ये पडजीभ लोंबते. तिच्या दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन कमानी खाली उतरतात, एखाद्या वाड्याच्या दरवाजासारख्या. पुढची कमान जिभेच्या कडेला मिळते, मागची घशाच्या भिंतीत उतरते. त्या कमानींच्या बाजू म्हणजे पुढचा आणि मागचा पिलर. दोघांच्या मधल्या कोनाड्यात टॉन्सिल बसतो. 'पिलर्स कंजेस्टेड' म्हणजे त्या बाजू लालबुंद झाल्या आहेत, एवढंच. घाबरू नका.

पण एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी. एकाच बाजूचा पुढचा पिलर फुगून पुढे आला, पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकलली गेली, तोंड उघडेना आणि थुंकी गिळवेना, तर टॉन्सिलच्या मागे पू साठलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, सकाळची वाट बघायची नाही.

हे पिलरसुद्धा काही पेलत नाहीत. आत स्नायूंच्या पट्ट्या आहेत, वर पातळ त्वचा. घास गिळताना दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकतात. दगडी खांबापेक्षा तो पडदा आहे.

खरा खांब बघायचा तर माझ्याबरोबर कानात या. आतल्या कानात शंखासारखी कॉक्लिआ असते. तिची नळी ज्याच्याभोवती सुमारे अडीच ते पावणेतीन वेढे घेते तो हाडाचा मधला खांब, त्याचं नाव मोडिओलस. श्रवणाच्या नसेच्या पेशी याच खांबात, त्याला लागून वळत गेलेल्या पोकळीत बसतात. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांट यंत्राच्या काही तारा मुद्दाम या खांबाला चिकटून वळतील अशा बनवतात, कारण नस तिथेच आहे.

आणि त्याहून आत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. १८५१ मध्ये आल्फोन्सो कोर्ती या इटालियन तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली जे बघितलं त्यात पेशींच्या दोन रांगा एकमेकींवर रेललेल्या आहेत, दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करावेत तशा. मध्ये त्रिकोणी बोगदा. त्या पेशींना पिलर सेल म्हणतात, आणि या मात्र खरोखर पेलतात. त्यांच्या आत घट्ट तंतूंच्या मोळ्या भरलेल्या असतात. बोगद्याच्या एका बाजूला ऐकणाऱ्या केसपेशींची एक रांग, दुसऱ्या बाजूला तीन. हा ताठपणा नसता तर नादाची थरथर त्या पेशींपर्यंत नीट पोचली नसती. तुम्ही आता शेजारच्या खोलीतला कुकर ऐकताय तो या खांबांच्या आधारावर.

बाराखडी

मी मराठी शिकवते. मोडिओलस म्हणजे लॅटिनमध्ये चाकाचा मध्य, आरे ज्यात बसवतात तो भाग. बैलगाडीच्या चाकाला तोच भाग असतो आणि त्याला आपल्याकडे 'तुंबा' म्हणतात. लॅटिनवाल्याने आपल्या अंगणातलं चाक बघून नाव ठेवलं, आपल्या अंगणातही तेच चाक होतं. तिथे 'स्तंभ' कशाला?

नाकातला कॉलमेला म्हणजे 'छोटा खांब', दोन नाकपुड्यांच्या मध्ये खाली दिसणारी त्वचेची पट्टी. त्याला तर 'खांबुली' म्हणावंसं वाटतं.

माझी धागालेखिकेला सूचना : 'वृक्कस्तंभ', 'पश्चस्तंभ' असे जड शब्द नकोत. खांब म्हणा.

वैद्य_तुळस

स्तंभ या शब्दाबद्दल एक सावधगिरी. आयुर्वेदाच्या कागदावर 'मन्यास्तंभ' दिसला तर तो मानेतला खांब नव्हे. मन्या म्हणजे मानेच्या बाजूच्या शिरा, आणि स्तंभ म्हणजे ताठरणं, थांबणं. मान धरली, वळेना, असा त्याचा अर्थ. 'ऊरुस्तंभ' म्हणजे मांड्या जड होऊन हलेनाशा होणं. आपण 'स्तंभित झालो' म्हणतो ते याच धातूतून. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांतला पहिला स्तंभ तोही हाच. खांब जागचा हलत नाही, म्हणून एकाच शब्दात दोन्ही अर्थ राहतात. रोगाच्या नावात ताठरणं, रचनेच्या नावात खांब, असा फरक ठेवावा.

खांबाची उपमा मात्र आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुताने म्हटलं आहे की वात, पित्त आणि कफ शरीराला असे धरून ठेवतात जसे तीन खांब घराला, आणि म्हणून शरीराला 'त्रिस्थूण' म्हणतात. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना तीन उपस्तंभ म्हटलं आहे, मुख्य खांबाला दिलेले टेकू. त्यांनी खांब कार्यावरून ओळखला. सुरीने कापून दिसलेल्या आकारावरून नाव ठेवणं ही वेगळी वाट आहे.

निवृत्त_शारीरशिक्षक

वैद्यांनी नेमकं सांगितलं. बाराखडीताई, तुंबा मला फार आवडला, वर्गात असतो तर उद्याच वापरला असता. पण 'खांब म्हणा' याला माझा विरोध आहे, आणि तो जड-हलक्या शब्दाचा नाही. बर्टिनचा तो भाग मुळात खांब नाही. लॅटिनमधली चूक आपण मराठीत आणली तर आई पुन्हा म्हणणारच की मूत्रपिंडात काहीतरी उभं वाढलंय. डॉक्टरांनी आपापसात नाव वापरावं, कारण जगभर तेच चालतं. पेशंटला मात्र ते काय आहे ते सांगावं : 'मूत्रपिंडाची साल दोन भागांच्या मध्ये आत गेली आहे, तुमच्यात जरा जाड आहे.'

नावं बदलतातही. हृदयाच्या कप्प्यांच्या आतल्या बाजूला मांसाच्या दोऱ्या-पट्ट्या दिसतात. त्यांना जुन्या पुस्तकांत 'मांसाचे स्तंभ' असं लॅटिन नाव होतं. आज तेच 'मांसाच्या छोट्या तुळया' झाले आहेत. आणि गुदद्वाराच्या आतल्या उभ्या वळ्यांना मोर्गान्यीचे स्तंभ म्हणतात. त्या तर निव्वळ मऊ घड्या.

बाराखडी

मान्य. नाव आणि अर्थ वेगळे ठेवायचे, हे मला पटलं. तुंबा तेवढा सोडणार नाही.

हाडांची_ओपीडी

रात्रपाळीतून लिहितोय, ऑर्थोचा निवासी डॉक्टर. खरं वजन पेलणाऱ्या खांबांचं कुणी बोललंच नाही, पाठीचा कणा! ३३ मणके : मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, आणि खाली जुळून गेलेले ५ व ४. आणि हा खांब सरळ नसतो, हीच त्याची ताकद. जन्मताना पाठ एकाच बाकात असते. बाळ मान धरतं तेव्हा मानेचा बाक येतो, बसायला-उभं राहायला लागतं तेव्हा कमरेचा. आजी 'मान धरली का' विचारते ते त्या पहिल्या बाकाबद्दलच.

आमच्यात एक गंमतीशीर वाटेल पण रोज कामाला येणारी गोष्ट आहे. १९८३ मध्ये डेनिस नावाच्या सर्जनने या एका खांबाचे मनातल्या मनात तीन खांब केले : मणक्याचा पुढचा अर्धा भाग, मागचा अर्धा भाग, आणि त्यामागची कमान व तिचे बंध. तीनपैकी एकच मोडला तर बऱ्याचदा पट्टा आणि विश्रांती. दोन मोडले, विशेषतः मधला, तर कणा अस्थिर असू शकतो आणि पेशंटला हलवतानाही जपावं लागतं. झाडावरून, गच्चीवरून पडलेला माणूस येतो, सीटी बघताना आम्ही एकमेकांना विचारतो, 'मिडल कॉलम गेलाय का?' नातेवाइकांना ते ऐकू येतं आणि त्यांना वाटतं तीनपैकी एक कणा गेला. आज हा धागा वाचून मी एका काकांना हातातली बिस्किटं रचून समजावलं. त्यांना कळलं.

खुब्याच्या खोबणीलाही पुढचा आणि मागचा असे दोन कॉलम मानतात, उलट्या वाय अक्षरासारखे, आणि मांडीच्या हाडाचा गोळा त्या दोघांच्या बेचक्यात बसतो. एमर्जन्सी आली, उरलेलं नंतर.

पाऊलवाट

कानगोष्टी, टॉर्च लावून बघितलं. दोन्ही बाजू सारख्याच लाल आहेत, पडजीभ मधोमध आहे, गिळतोय नीट. आभार.

देवराई

सावलीवाचक, एक विनंती. तुमच्या रिपोर्टात त्या ओळीपुढे दोन शब्द वाढवता येतील का?

सावलीवाचक

सोमवारपासून सुरू केलं. आमच्या साच्यात आता 'प्रॉमिनंट कॉलम ऑफ बर्टिन' च्या पुढे 'नॉर्मल व्हेरिएंट' आपोआप येतं, आणि खाली एक मराठी ओळ घातली आहे : 'मूत्रपिंडाच्या सालीचा भाग जन्मापासून थोडा जाड आहे. हा आजार नाही.' निवृत्त सर, 'साल' ठेवू की 'बाहेरचा थर'?

निवृत्त_शारीरशिक्षक

'साल' ठेवा. कॉर्टेक्सचा लॅटिन अर्थही झाडाची साल असाच आहे, आणि ती प्रत्येकाने बघितलेली असते.

अबोली (धागालेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. तिने मावशीला पुन्हा फोन केला आणि या वेळी मोठ्या आवाजात आप्पेपात्रापासून सांगायला सुरुवात केली. मावशी मेटफॉर्मिन घेते आणि रात्री पाय जड पडतात असं म्हणते, म्हणून देवराईंचा प्रतिसाद तिला पाठवला आहे. तिची रक्ततपासणी गुरुवारी आहे.